शीलाचा जय भीम

शीलाच्या तोंडी हॅलो नव्हतंच. फोन उचलला की जय भीम, ठेवताना जय भीम. फुलसावंगीजवळच्या तिच्या गावात रस्त्यालगत तिचं शिलाईचं दुकान. दुकान कसलं, पडवीत एक मशीन आणि भिंतीला आरसा. ब्लाऊज शिवायला पाटलीणबाई येवो की मास्तरीणबाई, शीलाचा जय भीम आधी, माप मागून. एसटीचा धावजी कंडक्टरही तो ऐकल्याशिवाय तिकीट फाडत नसे. एकदा बँकेतल्या साहेबांनी मान वर केली नाही, तर ही तिथंच उभी राहून म्हणतच राहिली, दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. शेवटी साहेब म्हणाले, "जय भीम, बाई, बसा." ही गोष्ट गल्लीला तोंडपाठ झाली, तरी हिचं सांगणं संपेना.

हे वळण तिच्या वडिलांचं, बाबारावांचं. कोणापुढं लाचार होऊन वाकायचं नाही, ताठ उभं राहून जय भीम म्हणायचं, असं सांगत त्यांनी तिला वाढवलं. शीलानं तेच आपल्या लेकीला दिलं. जय भीम न म्हणता प्रियंका शाळेला निघाली, तर ही तिला अर्ध्या वाटेवरून परत बोलवायची.

जूनमध्ये प्रियंका नववीला महागावच्या शाळेत गेली, तिथंच वसतिगृहात राहिली. एका शनिवारी शीलानं अंबाडीची भाजी आणि भाकरी बांधली आणि न कळवता महागाव गाठलं. पोरीचा फुललेला चेहरा पाहायचा, एवढाच लोभ.

शाळा सुटली. फाटकातून चौघी पोरी बाहेर आल्या. सारख्या वेण्या, मनगटावर सारखा लाल दोरा, हसणंसुद्धा एकसारखं. आपली कोणती, हे कळायला आईलाही जरा वेळ लागला. आपल्या घरात कधी कोणी दोरा बांधला नाही, हे तिच्या मनात येऊन गेलं, पण आनंद मोठा होता.

"जय भीम, बेटा!"

पलीकडच्या चहावाल्यानंही वळून पाहिलं. प्रियंकाचा चेहरा मात्र पांढरा पडला. ती पुढं आली आणि शाळेतल्या मराठीत म्हणाली, "नमस्ते काकू. आईने डबा पाठवला का?"

पोर गंमत करते असं वाटून शीला हसायला गेली. पण पोरीच्या डोळ्यांत गंमत नव्हती, भीती होती.

"कोण गं?" एकीनं विचारलं.

"आमच्या गावच्या काकू आहेत."

डबा घेऊन ती मैत्रिणींत मिसळलीसुद्धा. ज्या पोरीला नऊ महिने पोटात वाढवलं, तिनं चार पोरींपुढं आईला काकू करून टाकलं! रागानं शीलाचं कानशील तापलं. समोरच्याच एसटी थांब्यावर ती कशीबशी जाऊन बसली.

इतक्यात त्या चौघींतलीच एक धावत आली. "काकू, मी सलोनी. ढाणकीची." शीला चमकली. फोनवर प्रियंका सारखं हिचंच नाव घ्यायची. दोघी एका बाकावर बसतात, एका ताटात जेवतात.

सलोनीनं मागं वळून पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "जय भीम, काकू."

शीला दचकली. "तू?"

"मीबी आपल्यातलीच. इथं आल्यापासून कोणाले म्हटलं नाही, अन् कोणी मले म्हटलं नाही. तुमी येवढ्या जोरानं म्हटलं, तं घरची याद आली."

"मंग म्हणत काहून नाहीस?"

"कोणाले म्हणू? आपल्यातलं कोणीच नाही. आडनावावरून माहं काही समजत नाही, म्हणून चालून राह्यलं. प्रियंकाच्या हातात दोरा पाह्यला, मीबी बांधला." पोरीनं तिचा हात धरला. "काकू, तुमी तिच्या गावच्या, पण तिले सांगू नका. माही एकच मैत्रीण आहे थे. तिले समजलं तं माह्यासंग बोलनार नाही."

काय हा वेडेपणा! एका बाकावरच्या दोघी, एकाच घरच्या म्हणाव्यात अशा, आणि एकमेकींपासूनच लपताहेत! येडे, मी तिची मायच आहे, हे शब्द शीलाच्या जिभेवर आले. तेवढं बोललं असतं तर दोघी मोकळ्या झाल्या असत्या. पण तेवढ्यानंच आपली लेक आईला नाकारते, हेही उघडं पडलं असतं.

तिनं फाटकाकडं पाहिलं. डबा छातीशी धरून प्रियंका तिथं उभी होती आणि आईकडं पाहत हळूच मान हलवत होती. नको, नको.

"जय भीम, पोरी," शीला म्हणाली. आवाज इतका दबका निघाला, की तो आपलाच आहे यावर तिचा विश्वास बसेना.

सलोनी हसून पळाली. एसटी आली. धावजी तिकिटाचं यंत्र हातात धरून तिच्यापुढं थांबला. "काहून बाई, आज काही म्हणून नाही राह्यल्या?"

शीलानं मान खाली घातली आणि नुसतं गावाचं नाव सांगितलं.