विहीणबाईंची हजेरी

सह्याद्री ज्वालामुखीने घडवला असं भूगोलाचं पुस्तक सांगतं. तो आमच्या विहीणबाईंना दर रविवारी काहीतरी चढायला हवं म्हणून घडवला गेला, असं माझं पक्कं मत आहे. माझ्या लेकीच्या सासूबाई त्या. वय चौसष्ट, उंची जेमतेम पाच फूट. लग्नाच्या बोलणीत मानपानाचा विषय त्यांनी निघूच दिला नाही. मला एवढंच विचारलं, "गुडघे कसे आहेत तुमचे?" मी गाफीलपणे "उत्तम" म्हणालो आणि पुढच्याच रविवारी अंजनेरीच्या वाटेला लागलो.

त्यांचं वर्ष डोंगरांवरूनच ओळखायचं. श्रावणात अंजनेरी, भाद्रपद उतरला की भंडारदऱ्याकडचं अभयारण्य, थंडीत साल्हेर, उन्हाळ्यात उजाडायच्या आत रामशेज. अभयारण्याच्या दिवसांत साखरपुडा ठेवणाऱ्या नातेवाइकाशी त्या वर्षभर मोजकंच बोलतात. वाटेत कुणी वेफर्सचं पाकीट टाकलं, तर ते उचलून त्याच्या मागे पाव मैल जातात आणि "तुमचं काहीतरी पडलं हो" म्हणत अदबीने परत करतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं त्यांनी कामगारांची हजेरी सांभाळली. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, हजेरी सुटली नाही. दर थांब्यावर सगळ्यांनी एकापासून आकडे म्हणायचे. एकदा आम्ही दोघंच होतो, तरी मी "दोन" म्हणेपर्यंत त्यांनी डबा उघडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी रतनगडाच्या माथ्यावर कारवीची झुडपं फुलली. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते. आधीच्या बहरात विहीणबाई यजमानांच्या आजारपणात अडकल्या होत्या, त्यामुळे या खेपेची त्या लहान मुलासारखी वाट पाहत होत्या. आम्ही नऊ जण निघालो. शिड्या चढून वर आलो तर हातभर अंतरावरचं दिसेना इतकं धुकं. माथा पंधरा मिनिटांवर राहिला होता. त्यांनी हजेरी घेतली. मी "नऊ" म्हणालो आणि माझ्या मागून एक बारीक आवाज आला, "दहा."

कॉलेजातली एक मुलगी होती. धुक्यात तिची मंडळी सुटली, आमचे तसलेच रेनकोट बघून ती आमच्यामागे आली. माणसं वेगळी आहेत हे कळलं तेव्हा बोलायचा धीर होईना. त्यात पाय मुरगळलेला. मी म्हणालो, "ताई, तुम्ही वर जा. हिला मी खाली नेतो."

"भाऊ, तुम्हाला उतरवायलाच एक माणूस लागतं," त्या म्हणाल्या. ते खरं होतं. बाकीच्यांना त्यांनी वर पाठवलं. शिडीवर त्या मुलीच्या खाली उभ्या राहिल्या आणि तिचं पाऊल हाताने धरून एकेका दांडीवर ठेवत गेल्या. त्यांच्याही खाली मी, दोन्ही हातांनी शिडीला चिकटलेला. जंगलातली वाट आम्ही दोघांनी तिला खांद्याचा आधार देत पार केली. मध्येच मी कारवीची हळहळ बोलून दाखवली. त्या सहज म्हणाल्या, "कारवी सात वर्षांनी येईल परत. हिची आई संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबू शकणार नाही."

पायथ्याच्या गावात मुलीची मंडळी पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी शोधाशोध करत होती. विहीणबाई त्यांच्या म्होरक्यावर रागावल्या नाहीत. "वर मोजलं होतंत का?" एवढंच विचारलं. त्याने तिथल्या तिथे आपली माणसं मोजायला घेतली. मुलगी मात्र गाडीत बसेपर्यंत त्यांचा हात सोडेना. तो हात माझ्या नात्यातला आहे, हे मी तिथल्या चहावाल्यालासुद्धा सांगितलं.

पुढच्या रविवारपर्यंत पावसाने फुलं झोडपून टाकली होती. आता पुढच्या बहराला पाच वर्षं आहेत. अलीकडे चढावर त्या मध्येच थांबतात आणि "तुम्हाला दम लागला असेल म्हणून थांबले" असं सांगतात. मी हो म्हणतो. हल्ली रोज सकाळी मी एकटाच पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून येतो. त्यांना हे ठाऊक नाही. पाच वर्षांनी शिडीवर त्यांच्या खाली कुणीतरी उभं राहायला हवं, आणि त्याने दोन्ही हातांनी शिडी धरून चालणार नाही.