आत बघा, आत!

आमच्या शेजारचे काका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. अर्धांगवायूनं काकूंनी अंथरूण धरलं, तेव्हा काकांनी धाराशिवच्या नर्सरीतले सगळे रंग काकूंच्या खोलीत आणून ठेवले. जांभळे कोलियस, पिवळ्या ठिपक्यांचे क्रोटन, गुलाबी पानांचं कॅलेडियम.

पण झाडं उजेडाकडं, म्हणजे खिडकीकडं वळायची. खाटेवरून पानांची फिकी मागची बाजूच दिसायची. म्हणून काका रोज सकाळी ओल्या फडक्यानं पानं पुसायचे आणि एकेक कुंडी फिरवत एसटीतल्याच आवाजात ओरडायचे, "चला, आत बघा, आत! बाहेर काय न्हाय!" भिंतीपलीकडं माझी झोप मोडायची, मी चिडायचे. काकूंना बोलता येत नव्हतं, पण त्या ओठाच्या एका कोपऱ्यातून हसायच्या.

काकू गेल्या. तेरावं झाल्यावर मी भेटायला गेले. खाट काढून टाकली होती आणि सगळी झाडं खिडकीकडं वळली होती. मी नकळत एका कुंडीला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या ताई," काका म्हणाले. "बघू द्या त्यांना बाहेर. लई दिवस अडवलं."

ते स्वतः मात्र खिडकीकडं पाठ करून, खाटेच्या रिकाम्या जागेकडं बघत बसले होते.