पाऊण तासाची टेप

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट असलेली वरदा गाण्यात पुढे का गेली नाही, याची कारणं तिला तोंडपाठ होती, बंदिशींपेक्षा पक्की. इथली हवा घसा धरते. हीटिंगने तो सुकतो. भिंतीपलीकडे शेजारी ऐकतात, म्हणून आवाज मोकळा लागत नाही. आणि कडी म्हणजे हॅरोच्या तिच्या गाण्याच्या बाई, सुप्रभाताई, सहा वर्षं तिला यमनातून बाहेरच काढत नव्हत्या.

२००३च्या दिवाळीत तिथल्या मराठी मंडळाच्या शशीकाकांनी तिला पहिल्यांदाच एकटीने गायला दहा मिनिटं दिली. इतकी वर्षं कोरसच्या दुसऱ्या रांगेत उभी राहिलेली वरदा पैठणी ड्रायक्लीनिंगला टाकून आली. तान मात्र समेच्या अलीकडेच आपटत होती.

"ताई, मी रोज पाऊण तास बसते हो. तरी असं का?"

"एका दिवसाची टेप करून आण. कुठे अडतंय ते ऐकू."

शनिवारी सकाळी तिने रियाज टेप केला. ताईंना द्यायच्या आधी आपणच जरा कौतुकाने ऐकावा, म्हणून चहा घेऊन सोफ्यावर बसली. शेजारी नवरा, स्वानंद, पेपर वाचत होता.

टेपवर आधी इलेक्ट्रॉनिक तानपुरा जुळवण्याचा लांबलचक कार्यक्रम. मग केटल. मग वरदाच्याच आवाजात, "स्वानंद, सोमवारी कचऱ्याची बिन कुठली बाहेर काढायची रे?" मग थोडा यमन. मग खोकला, तोही अगदी मैफलीतला. मग पुण्याहून आईचा फोन आणि त्यात तीनदा, "अगं, रियाज चाललाय." शेवटी इथल्या हवेविषयी भिंतीला उद्देशून छोटंसं भाषण आणि पुन्हा थोडा यमन.

"आवाज छान लागलाय गं," स्वानंद म्हणाला. "फोनवर."

"गप्प बस. घड्याळ लाव आणि नुसतं गाणं मोज."

टेप उलटी फिरवून पुन्हा ऐकली गेली.

"सहा मिनिटं. खोकला धरून."

"खोकला वगळ."

"मग चार."

वरदा हसायला लागली. मग तिच्या लक्षात आलं. एवढ्या टेपवर शेजाऱ्यांचा साधा पायरव नव्हता. सगळा आवाज तिचाच होता. तिने शशीकाकांना फोन लावला.

"काका, दहा मिनिटं नकोत. चार पुरतील."

"का गं, घाबरलीस?"

"नाही हो. माझ्याकडे सध्या तेवढंच गाणं आहे."

"ही टेप ताईंना देणार तू?" स्वानंदने विचारलं.

"देणार. अडतंय कुठे ते त्यांना पहिल्याच मिनिटाला कळेल."

मग तिने कॅसेटची दुसरी बाजू रेकॉर्डिंगला लावली, फोन स्वानंदच्या हातात दिला आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"आईचा आला तर काय सांगू?" त्याने बाहेरून विचारलं.

आतून फक्त षड्ज आला. जरासा उतरलेला होता, पण बराच वेळ तुटला नाही.