यादीतला चहा

मी फार बोलत नाही. त्याचा एक मोठा फायदा म्हणजे लोक माझ्यासमोर काहीही बोलतात! शाळा सुटली की मी शरणपूर रोडला आईच्या ऑफिसात जाते, कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ करते आणि कानावर पडलेलं गणिताच्या वहीत मागच्या पानापासून लिहून ठेवते. आता मागून येणारे किस्से पुढून येणाऱ्या गणितांना भेटायला आले आहेत. नववीचा अभ्यासक्रम अजून निम्माही झालेला नाही!

आई वकील आहे, पण कोर्टात जात नाही. ती ट्रेडमार्कचं काम करते. म्हणजे तुम्ही तुमच्या मालाला ठेवलेलं नाव कायद्यानं तुमचंच करून द्यायचं. अर्जात नुसतं नाव लिहून भागत नाही, त्या नावानं नेमकं काय विकणार तेही लिहावं लागतं. ते वाचून परीक्षक हरकती काढतात आणि मग व्हिडिओ कॉलवर सुनावणी होते. खरी मजा तिथे!

आईच्या वाट्याला बहुतेक वेळा मुंबईचे एकच साहेब येतात. त्यांचा कॅमेरा कसा लावलाय देव जाणे, आम्हाला फक्त कपाळ दिसतं आणि वर फिरणारा पंखा. आम्ही त्यांना ‘कपाळसाहेब’ म्हणतो, अर्थात कॉल बंद झाल्यावर. दोन आठ्या म्हणजे आशा आहे. चार म्हणजे फाईल गेली!

*

नामपूरच्या यमुनामावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पाकीट आईपुढे ठेवलं. आत ज्वारीच्या बिबड्या होत्या, पापडासारख्या, पण पापड म्हटलेलं मावशींना खपत नाही. पाकिटावर नाव होतं ‘शेजारणी’. एका गल्लीतल्या पाच शेजारणी मिळून माल करतात.

“काय काय विकता?” आईनं विचारलं. मावशींनी घडी घातलेला कागद काढला. बिबड्या, नागलीचे पापड, कुरडया, शेवया, चहा.

“चहा?”

“ठकूआजीचा,” मावशी म्हणाल्या. “आजीचे हात आता कापतात. लाटता येत नाही. ती आम्हाला दिवसभर चहा करून पाजते. पाच जणी, पाच वस्तू. तिलाच कसं गाळायचं?”

आईनं कागद टेबलावर ठेवला. “मावशी, ही यादी आहे. लग्नपत्रिका नाही!”

“तेच तर,” मावशी म्हणाल्या. “पत्रिकेत नाव राहिलं तर माणूस नुसतं रुसतं. आजी रुसायची नाही हो. उद्यापासून यायचीच बंद होईल.”

मी तसंच टाइप केलं. तीन महिन्यांनी हरकत आली. ‘शेजारीण’ नावाची एक चहा पावडर आधीच नोंदलेली होती! चहा काढा, नाहीतर अर्ज नामंजूर. बाकी कशालाही हरकत नव्हती. नाव गेलं तर सगळी पाकिटं बदलायची, आणि नाशिकची गिऱ्हाइकं तर माल नावानंच मागतात. आईनं फोनवर खूप समजावलं. मावशींचं एकच, “चहा मी काढणार नाही. आजीला सांगणारही नाही. तुम्ही भांडा!”

सुनावणीची तारीख पडली. तोवर ऑफिसात बाकीची गंमत चालूच होती.

*

देवळ्याचे आप्पा कांद्याचे व्यापारी. त्यांना एकाच नावानं ताजा कांदा, सुकवलेल्या चकत्या आणि कांद्याची पावडर विकायची होती. आईनं सांगितलं, मालाचे तीन वेगळे वर्ग लागतील.

“कांदा तर एकच हाय ना मॅडम!”

“ताजा असला तर शेतमाल. सुकवला की टिकवलेली भाजी. दळला की मसाला.”

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “आन भाव पडल्यावर आमाला रडवतो, तवा कोन्त्या वर्गात बसतो?”

*

घोटीच्या एका तांदूळवाल्या काकांनी मालाचं वर्णन स्वतः लिहून आणलं होतं. ‘घोटीचा सर्वोत्तम, सुवासिक, मोत्यासारखा, आईच्या हातची आठवण करून देणारा तांदूळ.’

कपाळसाहेब म्हणाले, “वर्णनात कौतुक चालत नाही. सर्वोत्तम काढा.” काढलं. “मोत्यासारखा काढा.” काढलं. “आठवण काढा.”

“साहेब, आठवण तरी राहू द्या!”

राहिली नाही. शेवटी ‘सुवासिक’ही गेलं आणि ‘तांदूळ’ एवढाच शब्द उरला. काका उतरलेल्या चेहऱ्यानं घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन. “मॅडम, रात्रभर विचार केला. ‘तांदूळ’ ठीक आहे. पण ठळक अक्षरात करा!”

*

पंचवटीतल्या एका चिवडेवाल्या दादांच्या यादीत चिवडा, शेव, फरसाण, मग टॉवेल, मग कंपासपेटी आणि शेवटी ट्रॅक्टर होता. आईनं सांगून पाहिलं, पण दादांनी हट्टानं एकेका वर्गाचा अर्ज करायला लावला.

सुनावणीत तीन आठ्या उमटल्या. “तुम्ही चिवडा करता. ट्रॅक्टर कधी करणार?”

“साहेब, मुलगी अजून चौथीत आहे,” दादा हात जोडून म्हणाले. “मोठी होऊन काय काढील, आत्ता कसं सांगू?”

पंखा दोन फेरे फिरला. “तिला विचारून या,” साहेब म्हणाले. “दहावी झाल्यावर.”

*

हे काम अंगात भिनतं. परवा भाजीबाजारात आई म्हणाली, “एक जुडी मेथी द्या. ताजी, न चिरलेली, न सुकवलेली.”

भाजीवाली माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, “घरी बरं हाय ना सगळं?”

*

आणि मग नामपूरची तारीख आली.

आईनं सांगितलं होतं, एकट्या मावशी आल्या तरी चालेल. जीप करून पाची जणी आल्या! चार जणी आईच्या टेबलाभोवती दाटीवाटीनं बसल्या. ठकूआजी मागे माझ्याजवळच्या खुर्चीत बसल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. हातात पिशवी, पिशवीत थर्मास. सुनावणी कशाची आहे हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

कॉल लागला. कपाळ आलं. पंखा आला.

आईनं छान मांडलं. म्हणाली, ही पाकिटं घरगुती बायकांची आहेत, चहा पावडरवाल्यांशी यांची गल्लत कोण करील? साहेबांनी शांतपणे ऐकलं. “मॅडम, नाव जवळपास तेच आहे आणि वस्तूही तीच. चहा काढा, बाकी सगळं आत्ताच्या आत्ता मान्य करतो. नाहीतर मला नामंजूर करावं लागेल.” तीन आठ्या!

आईनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी जमिनीकडे पाहिलं.

“तुमच्यापैकी चहा कोण विकतं?” साहेबांनी विचारलं.

चौघी एकमेकींकडे बघू लागल्या. चौथी आठी उमटू लागली. मला वाटलं आता संपलं! माझ्या तोंडून तर शब्द फुटणारच नव्हता. मी उठले, आईच्या पुढ्यातला लॅपटॉप उचलला आणि मागे फिरवून ठकूआजींसमोर धरला.

आजींनी आधी पदर सारखा केला. मग स्क्रीनवरच्या कपाळाकडे बघत आपल्या अहिराणीत म्हणाल्या, “मी चहा इकत नही, सायेब. पाजस.”

“मग यादीत कशाला लिहिला, आजी?”

आजींनी मावशींकडे पाहिलं. मावशी रडत होत्या. आजींना बहुतेक सगळं कळलं. त्या पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. “मंग मन्हं नाव कोठे लिखशात?”

पंखा फिरत राहिला. माझे हात भरून आले होते, तरी मी लॅपटॉप हलू दिला नाही.

मग आजीच म्हणाल्या, “काढी टाका, सायेब. चहाले कोन नाव इचारस?”

“आजी, तू उद्या येशील ना?” मावशींनी तिथूनच विचारलं.

“नही तं तुमले चहा कोन पाजई?” आजी खेकसल्या.

आईनं चहावर रेघ मारली आणि यादी वाचली. बिबड्या, नागलीचे पापड, कुरडया, शेवया. “मान्य,” साहेब म्हणाले. मला ओरडावंसं वाटलं, पण हातात लॅपटॉप होता!

स्क्रीनच्या कडेला पुढच्या अर्जदाराचं नाव येऊन थांबलं होतं. आई कॉल बंद करायला पुढे झाली, तेवढ्यात आजींनी थर्मास पिशवीतून काढून मांडीवर ठेवला. “सायेब, तुम्हनं चहापानी व्हयनं का?”

स्क्रीनवरचं चित्र हललं. आधी भुवया दिसल्या, मग जाड चष्मा, मग पांढऱ्या मिशा. पंखा वर निघून गेला. इतक्या सुनावण्यांत आम्ही पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण चेहरा पाहत होतो.

“नाही हो, आजी,” ते म्हणाले. “सकाळपासून नाही.”