गुंड्याची साडी

घरात म्हातारं कुत्रं असलं की किस्से त्याच्या केसांसारखे साठतात. रोज झाडा, रोज भरून टाका, तरी सोफा सरकवला की खाली एक पुंजका असतोच! आमचा गुंड्या जाऊन आठ महिने झाले. पुंजके अजून सापडतायत.

आधी थोडं सांगतो. मी नेदरलँड्समधल्या झूटरमेरला शुभदाताई आणि महेशदादांकडे राहतो. दोघं आयटीत आहेत. ताई माझ्या गावच्या. माझी शाळा नववीत सुटली, हॉटेलात कांदे चिरता चिरता मी आचारी झालो, आणि आता हेगच्या एका रेस्टॉरंटात तंदूर सांभाळतो. ड्यूटी दुपारची. ताई म्हणाल्या होत्या, "माळ्यावरची खोली तुझी. सकाळी तेवढं गुंड्याला खाली नेत जा."

गुंड्या पुण्याच्या रस्त्यावरचा, तांबूस रंगाचा. पिल्लू असताना यांनी उचलला आणि इकडे येताना विमानात घालून आणला. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना असा उभा की शिडीलाच भिंती बांधल्यात! पायऱ्या चौतीस. गुंड्याच्या मागच्या पायांतली ताकद चालली होती. त्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "ज्या दिवशी तो स्वतःहून उठायला बघणार नाही, त्या दिवशी मला फोन करा, मी त्याला झोपेचं शेवटचं इंजेक्शन देईन."

त्या फोनला आम्ही सगळेच घाबरायचो.

*

मागचे पाय उचलून धरायला कुत्र्यांसाठी एक पट्टा मिळतो. तो मागवला. गुंड्याने त्याचा वास घेतला आणि जो बसला तो उठेचना!

तेव्हा ताईंनी कपाटातून एक मऊ सुती साडी काढली. त्यांच्या आईची. घडी करून पोटाखालून घातली, दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. गुंड्याने साडी हुंगली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

एकदा रस्त्यात एक सायकलवाले आजोबा आम्हाला बघून थांबले. ताईंची नऊ वर्षांची रेवा सोबत होती. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये. आजोबांनी विचारलं, "छान कापड आहे. कोणाचं?"

"माझ्या आजीचं."

"अरे वा! मग आजीला थंडी नाही वाजत?"

रेवा म्हणाली, "आता नाही वाजत."

एवढं डच मला कळलं. आजोबांनी हेल्मेट काढलं आणि आम्ही वळेपर्यंत तसेच उभे राहिले.

*

घरातली लाकडी फरशी गुळगुळीत. गुंड्या पाणी प्यायला निघाला की चारही पाय चार दिशांना. महेशदादांनी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "कोणाकडे जुनी योगा मॅट आहे का?"

दोन दिवसांत अकरा मॅट आल्या! लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी उत्साहाने घेतलेल्या. एक तर शंभर किलोमीटरवरच्या आइंडहोवनहून आली. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रंगीबेरंगी रस्ता तयार झाला.

दादा मॅट अंथरताना एकेक उलटून बघत होते. मला म्हणाले, "सागर, बघ, एकही झिजलेली नाही. मंडळात नियमित योगा करणारा गुंड्या एकटाच!"

*

एका तपासणीला ताईंची मीटिंग होती, म्हणून मी एकटा गेलो. मला दवाखान्यात बोलायची भीती वाटते, माणसांच्या काय आणि कुत्र्यांच्या काय.

गुंड्या जमिनीवर पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी डचमध्ये बोलावलं, टाळी वाजवली, बिस्किट दाखवलं. ढिम्म! बाईंनी पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी खाली बसून हळूच म्हणालो, "म्हाताऱ्या, चल, घरी जाऊ."

पुढचे पाय रोवले, मागचे थरथरले, एकदा घसरला, पण उठला. उठून थेट दाराकडे!

बाईंनी विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

मी डचमध्ये कसंबसं म्हणालो, "घर."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मग त्याला अजून घरी जायचंय. जा घेऊन."

*

आमच्या खाली, तळमजल्यावर आन्सबाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे, हातात चार चाकांचा वॉकर. रोज सकाळी गुंड्या खाली पोचला की त्यांच्या दाराशी दम खायला बसायचा आणि त्या त्याला म्हणायच्या, "तू चढतोस-उतरतोस. मी पाच वर्षांत वर पाऊल ठेवलेलं नाही. आपल्या दोघांत तरुण तू!"

इथे एकाचा वाढदिवस असला की घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतात. गुंड्याचा वाढदिवस पासपोर्टवर एक जून. खरा कोणालाच माहीत नाही. पुण्यात कागद करताना महेशदादा म्हणाले होते, "आपल्याकडे तारीख माहीत नसली की एक जूनच!"

त्या सकाळी आन्सबाईंनी सगळ्यांशी हात मिळवला. ताईंना, "गुंड्याबद्दल अभिनंदन." दादांना, रेवाला तसंच. मी साडी धरून मागे उभा होतो. मला वाटलं, झालं. तर त्या वॉकर ढकलत माझ्यापर्यंत आल्या. "तुझंही अभिनंदन, तुझ्या गुंड्याबद्दल."

माझ्या तोंडून मोडक्या डचमध्ये निघून गेलं, "माझाही आजच असतो. शाळेत हेडमास्तरांनी लिहिलेला."

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. चार वर्षांत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. आन्सबाई आत गेल्या. इथे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. त्यांच्या संडासाचं दार उघडंच होतं. पेन्सिलीने 'गुंड्या'च्या खाली 'सागर' लिहिताना त्या मला दिसल्या.

*

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी मी साडी घेऊन आलो, तर गुंड्याने नुसती शेपटी हलवली. मी म्हणालो, "म्हाताऱ्या, चल." त्याने माझ्याकडे बघितलं आणि डोकं परत हिरव्या मॅटवर ठेवलं. दुपारपर्यंत मी तेच वाक्य म्हणत राहिलो. मग ताईंनी फोन केला.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. चौतीस पायऱ्या चढून आलेल्या, धापा टाकत होत्या. म्हणाल्या, "हे तो रोज करत होता?" बाकी मी सांगत नाही.

दोन दिवसांनी मी माळ्यावर बॅग भरली. काम संपलं होतं. ताई वर आल्या. "कुठे निघालास?"

"गुंड्या नाही ना आता."

त्यांनी बॅगेतले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले. शेवटचा शर्ट ठेवून म्हणाल्या, "उद्यापासून रेवाला शाळेत तू सोडायचंस. आणि जेवायला ये, आमटी गार होतेय."

साडी त्यांनी धुऊन दाराजवळच्या हुकाला परत अडकवली. तिथून ती कोणीच काढली नाही.

*

यंदाच्या एक जूनला सकाळी घरात मी एकटाच होतो. मंडळाच्या कुठल्याशा कार्यक्रमाला बाकीचे गेलेले. जिन्यात आवाज आला. एक पायरी, मग थांबणं. एक पायरी, मग थांबणं. पायऱ्यांचा तसा आवाज मी आठ महिन्यांत ऐकला नव्हता.

मी दार उघडून खाली धावलो.

नवव्या पायरीवर आन्सबाई बसल्या होत्या. गुंड्याही तिथेच बसायचा. वॉकर खाली राहिलेला, मांडीवर केकचा खोका, एक हात कठड्याला घट्ट. चेहरा लालबुंद.

"अभिनंदन," त्यांनी दुसरा हात पुढे केला. "तुझं. आणि त्याच्याबद्दलही."

मी हात हातात घेतला. त्यांनी वर बघितलं, उरलेल्या पायऱ्या मोजल्यासारख्या केल्या. मग खाली बघितलं.

"ते त्याचं कापड आहे ना अजून?" त्या म्हणाल्या. "जा, घेऊन ये."