एक नंबरच्या जागेवरचं अस्वल

आमच्या मिशिगनमधल्या स्टेट पार्कमधल्या कॅम्पच्या फाटकाशी, एक नंबरच्या जागेवर, डेलमर कोस्कीचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, नऊ उन्हाळे उभं होतं. निवृत्तीनंतर तो कॅम्पचा यजमान झाला. राहायला जागा फुकट; बदल्यात शेकोट्यांची राख उपसायची, नवख्यांना गाडी मागे घ्यायला मदत करायची आणि संध्याकाळी दारोदार जाऊन एकच पाठ म्हणायचा: "खायचं काही बाहेर ठेवू नका. अस्वलं येतात." मी सात नंबरवाला. एकदा अर्ध्या खाल्लेल्या मक्याच्या कणसासाठी त्याने मला लेखी ताकीद दिली होती. अजून राग आहे मला त्याचा.

नळाजवळच्या फळ्यावर तो रोज खडूने लिहायचा: प्राणी, जागा, पाहणाऱ्याचं नाव. ऐकीव गोष्टींना तिथे थारा नव्हता. डेट्रॉइटहून दोन दिवसांसाठी आलेल्यांचीही नावं अस्वलापुढे लागली. डेलमरचं कधीच नाही. नऊ वर्षांत त्याला एकही अस्वल दिसलं नव्हतं, आणि ते त्याला फार लागायचं.

यंदा त्याच्या गुडघ्यांनी हात टेकले. मोटरहोम विकलं होतं, नवा मालक रविवारी येणार होता. म्हणजे अस्वल दिसायचं तर शनिवारपर्यंत. रोज उजाडताच तो घडीची खुर्ची, दुर्बीण आणि थर्मास घेऊन दलदलीकडे जायचा आणि नऊच्या सुमाराला अंगभर डास चावून घेऊन परत यायचा.

शनिवारी परतला तर एक नंबरपुढे सगळा कॅम्प जमलेला. पक्ष्यांच्या दाण्यांचं भांडं ज्या खांबाला टांगलेलं असे, तो मोडून आडवा पडला होता आणि सूर्यफुलाच्या बिया गवतभर झाल्या होत्या. त्याची बायको आर्लीन पायरीवर कॉफी पीत बसली होती.

"अस्वल आलं होतं. वीस मिनिटं होतं इथे," ती म्हणाली. "पोटभर खाऊन गेलं."

"खायचं बाहेर ठेवलं होतंत वाटतं?" मी विचारलं. कणसाचा हिशेब बाकी होता माझा.

"ते पक्ष्यांचं खाणं आहे," डेलमर म्हणाला. पण लगेच खिशातून वही काढून त्याने एक नंबरच्या नावे ताकीद लिहिली आणि आपल्याच दाराला चिकटवली. माणूस चोख, हे कबूल.

मग आम्ही फळ्याशी गेलो; आर्लीनही कप घेऊन आली. आता मात्र मला त्याची दया आली.

"लिही की तुझंही नाव. कोण विचारतंय?"

"मी पाहिलं नाही ना."

त्याने लिहिलं: अस्वल, जागा एक, आर्लीन कोस्की. अक्षर जरा वाकडं आलं.

"पहिलंच ना गं तुझं?" त्याने तिला विचारलं.

आर्लीनने कपात पाहिलं. "पाचवं."

"काय?"

"तू दलदलीत गेलास की यायचं. मी खांब सरळ करून परत दाणे भरून ठेवायचे. या वेळी मोडलाच मेला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"किती खुशीत निघायचास रे सकाळी! सांगितलं असतं तर घरीच बसला असतास. आणि खरं सांगू? तेवढे दोन-तीन तास मला जरा शांतता मिळायची."

डेलमरने फळ्यावरची उरलेली जागा पुसून घेतली. मग त्याने खडू तिच्या हातात दिला.

"लिही. सगळी लिही."

ती लिहीत गेली. आणि तो शेजारी उभा राहून एकेक विचारत होता, हे केवढं होतं, कुठून आलं, तुझ्याकडे पाहिलं का त्याने.