हेमलताचं कामाचं ठिकाण

फरीदाबादच्या त्या गल्लीत हेमलताइतकी बारीक कात्री कुणाची चालत नसे. लग्न होऊन ती भुसावळहून आली त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यातली बावीस वर्षं तिने स्वयंपाकघराच्या दाराशी बसून रबरी रिंगा कापल्या. पंपात बसणाऱ्या या रिंगा साच्यातून निघतात तेव्हा कडेला रबराची झालर राहते. ती कापायची, पण रिंगेला कात्रीचं टोक लागू द्यायचं नाही. हात बसायला वर्ष जातं. ठेकेदार पोतं टाकून जाई आणि दोन दिवसांनी उचलून नेई. सात घरांत हेच काम, वरणाला फोडणी आणि मुलांना आंघोळी घालता घालता.

या रिंगा ज्या कारखान्यात परत जात, तिथेच हेमलताचा नवरा श्यामकांत फिटर होता आणि युनियनचा सेक्रेटरीही. तो गेटवर बोलू लागला की सुटलेल्या शिफ्टची माणसं सायकली धरून थांबत. हेमलताला त्याचं कौतुक होतं. फक्त ती भाषणं तिने कधी पूर्ण ऐकली नव्हती. सभेचा चहा तिच्याकडे असे.

शेजारची चेतना कानपूरची. रबराच्या भुकटीने तिची बोटं फुटली, तेव्हा तिने ठेकेदाराकडे हातमोजे मागितले. तो हसला.

"घर बैठे टाइमपास करती हो, और दस्ताने चाहिए?"

दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारात पोतं येईना.

हेमलताने त्याच संध्याकाळी श्यामकांतला विचारलं, "अहो, आम्हा सातजणींना युनियनमध्ये घ्या. आज चेतना, उद्या मी."

"अगं, युनियन कामगारांची असते. तुम्ही करता ती मदत झाली."

"कुणाला मदत?"

"घराला."

"आणि मालकाला?"

श्यामकांतने पेपर वर केला.

मुलगी वैभवी दिल्लीच्या कॉलेजात शिकत होती. शनिवारी घरी आल्यावर तिने सगळं ऐकलं. "यार आई, मालक करतो ती भांडवलशाही, आणि बाबा करतात ती पितृसत्ता."

"नावं दोन असतील गं, जेवतात एकाच ताटात," हेमलता कात्री न थांबवता म्हणाली. "बाबा म्हणतात, ही घरीच तर असते. म्हणून तर ठेकेदाराला तेच म्हणून कमी पैसे देता येतात."

वैभवीने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. तिच्या मॅडमनी तीन तासांत सांगितलेलं आईने भाजी निवडावी तसं निवडून ठेवलं होतं.

सोमवारी, ५ फेब्रुवारी २०२४ ला, चेतनाचं काम बंद केलं म्हणून बाकीच्या सहाही घरांनी आलेली पोती न उघडता शिवलेलीच ठेवली. भीती होतीच. काम एकदा दुसऱ्या वस्तीत गेलं की परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठेकेदार खरंच दुसरीकडे धावला, पण नवख्या हातांनी झालरीबरोबर शेकड्याने रिंगाच कापून वाया घालवल्या.

चौथ्या दिवशी श्यामकांत भर दुपारी घरी आला. हातात झालर न कापलेली एक रिंग होती.

"लाइन थांबली. मॅनेजर विचारत होता, माल कुणी अडवला."

"काय सांगितलंत?"

"माहीत नाही म्हटलं."

"बावीस वर्षं ही झालर तुमच्या ताटाभोवतून झाडतेय मी. आणि माहीत नाही?"

श्यामकांत आल्या पावली युनियनच्या ऑफिसात जाऊन सात फॉर्म घेऊन आला. हेमलताने आपला फॉर्म स्वतः भरला. 'कामाचं ठिकाण' या रकान्यात तिने ठसठशीत लिहिलं: स्वयंपाकघर. ते वाचून श्यामकांतने सूचक म्हणून सही केली.

"सभा उद्या सातला," तो म्हणाला.

"सातला सात घरांत कणीक मळायची असते."

"मग?"

"मग मळा की!"

सभा सातलाच झाली. कमिटीतले दोघे अडून बसले होते. बायका आल्या तर युनियनचा भिशी क्लब होईल, असं एकाने ऐकवलं. श्यामकांतने रिंग टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "कालची लाइन तुम्ही थांबवलीत की मी?" ठराव पास झाला. मध्येच तो घरी जाऊन कणीक मळून आला होता. ती सैल झाली, एवढंच.

पुढच्या सोमवारी सकाळी ठेकेदाराचा टेम्पो गल्लीत शिरला. हातमोज्यांचा गठ्ठा पुढच्या सीटवरच होता.

"सेक्रेटरी साहब हैं? बात करनी थी."

श्यामकांत आतच होता. त्याने दाराकडे पाहिलं आणि दाढी करत राहिला.

"बात मुझसे कीजिए," हेमलता म्हणाली. "पर पहले चेतना का बोरा उतारिए."

ठेकेदाराने पोतं खांद्यावर घेतलं आणि चेतनाच्या दारात नेऊन ठेवलं.